वासोटा की दाजीपूर? खरं जंगल बघायला निघालेल्यांसाठी

दिवाळी आटोपली की ओळखीतले लोक हटकून विचारतात, "दोन दिवस हातात आहेत, जरा आडरानात जायचंय, वासोट्याला जाऊ की दाजीपूरला?" वासोटा हा साताऱ्याकडचा, कोयना अभयारण्यातला गड; दाजीपूर हे कोल्हापूरकडचं, राधानगरी अभयारण्यातलं जंगल. दोन्ही ठिकाणं सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सदाहरित जंगलातली. दोन्ही वनखात्याच्या ताब्यात, दोन्ही धरणाच्या पाण्याला लागून, आणि २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला त्यात कोयना आणि राधानगरी ही दोन्ही अभयारण्यं आहेत. कागदावर जुळी भावंडं वाटतात. प्रत्यक्षात एकाचा पर्याय म्हणून दुसरीकडे गेलात तर हिरमोड ठरलेला.

वासोट्यात मुख्य गोष्ट आहे घड्याळ. साताऱ्याहून कास ओलांडून बामणोली गाठायची, पस्तीस-चाळीस किलोमीटरचा घाटरस्ता. तिथे वनखात्याची परवानगी काढायची, त्यासाठी सगळ्यांची ओळखपत्रं जवळ हवीत. मग कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून तास-दीड तास लाँचने मेट इंदवली हा पायथा. तिथून चढाई साधारण दोन तास, आणि संध्याकाळच्या आत लाँचमध्ये परत. गडावर मुक्कामाला बंदी आहे, त्यामुळे "बघू, उशीर झाला तर राहू वरच" ही सोय नाही. पुण्याहून सकाळी निघालात तर बामणोलीतच दुपार होते आणि त्या दिवशी वासोटा विसरायचा. आदल्या रात्री बामणोलीला किंवा आसपासच्या गावात राहायचं, तिथे तंबू आणि घरगुती जेवणाची सोय होते, आणि पहिल्या लाँचांमध्ये बसायचं, हेच खरं.

या घड्याळाचा एक परिणाम फारसं कोणी सांगत नाही. कोयनेच्या त्या गच्च रानात तुम्ही असता सकाळी दहा ते दुपारी चार. जनावरं आडोशाला पडून राहण्याची हीच वेळ. त्यात सुट्टीच्या दिवशी वाटेवर माणसांची रांग. म्हणून वासोट्याला प्राणी दिसतील या आशेने जाऊ नका. अस्वलाची विष्ठा, गव्याचे खूर, शेकरूचं घरटं एवढं दिसलं तरी नशीब समजा. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला खरा, पण 'व्याघ्रगड' हे वासोट्याचं दुसरं नाव ऐकून वाघाची वाट बघत बसू नये.

मग जायचं कशाला? त्या चालीसाठी. पायथ्याचा ओढा आणि मारुती मागे पडला की झाडं डोक्यावर अशी मिटतात की भर दुपारी ऊन खाली उतरत नाही. हा गड तुरुंग म्हणून का वापरला जायचा ते सांगावं लागत नाही. तट ओलांडूनही कैदी जाणार कुठे? माथ्यावर महादेवाचं देऊळ, वाड्याची जोती, पाण्याचं टाकं, चुन्याचा घाणा, आणि मागच्या अंगाला बाबूकडा. नालेच्या आकाराचा तो कातळ, समोर जुना वासोटा नावाचा शेजारचा डोंगर, खाली सरळ कोकण. सह्याद्रीत कडे पुष्कळ आहेत, पण इतक्या दाट जंगलातून एकदम उघड्यावर आणून सोडणारा मला तरी दुसरा माहीत नाही. नागेश्वराची गुहाही त्याच दिवसात करायची असेल तर लाँचवाल्याशी आधीच बोलून ठेवा. दोन्ही एका दिवसात होतात, पण पाय चांगले तयार असणाऱ्यांचीच.

पायथ्याशी प्लास्टिकची मोजदाद होते. बाटल्या, पुडे लिहून घेतात आणि अनामत ठेवून घेतात. परत येताना तेवढंच दाखवायचं. काहींना याचा वैताग येतो, मला मात्र असं प्रत्येक गडावर व्हावंसं वाटतं. माणशी निदान तीन लिटर पाणी घरूनच न्या.

खर्चाचं गणित सोपं आहे. लाँच पूर्ण ठरवावी लागते, म्हणजे दहा-बारा जणांत स्वस्त, दोघांत महाग. दोघेच असाल तर सकाळी धक्क्यावर एखाद्या गटाला विचारायचं. बहुतेक जण सामावून घेतात.

दाजीपूरला मुख्य गोष्ट मुक्काम. कोल्हापूरहून राधानगरी पन्नासेक किलोमीटर, तिथून फोंडा घाटाच्या रस्त्याने आणखी तीसेक. राज्यमार्गालगतच असल्याने कोकणात उतरणारी एसटीही इथून जाते. स्वतःची गाडी नसलेल्यांना वासोट्यापेक्षा हे कितीतरी सोयीचं. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे राज्यातलं पहिलं अभयारण्य. १९८५ मध्ये ते वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं. राधानगरीचं धरण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेलं, आणि पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे कोल्हापूरकर पाहुण्यांना आवर्जून दाखवतात. दाखवू द्यावं.

इथे गाडीतून जंगलात जाता येतं. फाटकावर नोंद करून, स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊन, लाल मातीच्या रस्त्याने आत. गुडघे दुखणारे आईवडील, सहा वर्षांचं पोर, ट्रेकिंगचे बूट कधी न घातलेले काका या सगळ्यांना घेऊन जाता येईल असं सह्याद्रीतलं गच्च जंगल फार थोडं आहे. आणि मुक्काम जवळच असल्यामुळे सकाळी फाटक उघडताच आत शिरता येतं. तेव्हा सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठाराच्या, कडेला गव्यांचा कळप चरताना दिसण्याची शक्यता चांगली असते. नर गवा हजार किलोपर्यंत भरतो. तो मान वर करून बघायला लागला की गाडीत आपोआप शांतता पसरते. एकटा नर दिसला तर खाली उतरून फोटो काढायचा मोह टाळा. गावकरी त्या 'गवारेड्या'पासून लांब राहतात, आपण का शहाणपणा करावा?

दाजीपूरची उणी बाजूही आहे. बाबूकड्यासारखं अंगावर येणारं काही इथे नाही. टेकड्या, सडे, मधे दाट रानाचे पट्टे, असं जंगल हळूहळू उलगडतं. 'कळसाचा क्षण' हवा असणारी मंडळी दुसऱ्या दिवशी कंटाळतात. तरुण गट घेऊन गेलात तर "एवढंच?" ऐकण्याची तयारी ठेवा. पक्षी, फुलपाखरं, झाडं यांत रस असलेला एक जरी माणूस बरोबर असेल, तर मात्र दोन दिवस पुरत नाहीत.

चांदोलीचं नाव मधेच कोणीतरी काढतंच. राष्ट्रीय उद्यान २००४ पासूनचं, शिराळ्याकडून मणदूरमार्गे प्रवेश, आत गाडीने झोळंबीच्या सड्याकडे जाता येतं. दाजीपूर बघून झालेलं असेल आणि आणखी निवांत काही हवं असेल तरच तिकडे वळा. पहिल्याच फेरीला नको.

हंगामाबद्दल. पावसाळ्यात दोन्हीकडची दारं बंद असतात आणि वासोटा साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर उघडतो. तारीख मागेपुढे होते, वनखात्याला विचारूनच निघा. उघडल्या उघडल्या गेलात तर रान ओलं आणि हिरवंगार, पण जळवा पायाला. मीठ आणि लांब मोजे न्या. वासोट्यासाठी माझ्या मते नोव्हेंबरचा शेवट ते जानेवारी सर्वांत चांगला. मार्चनंतर चढ घाम काढतो. दाजीपूरचं उलट आहे. हिवाळ्यात सुंदर असतंच, पण एप्रिल-मेमध्ये गवत वाळतं, जनावरं पाण्याकडे येतात आणि दिसण्याची शक्यता वाढते. मे संपता संपता, पहिल्या सरींच्या आसपास, राधानगरीच्या परिसरात काजवे लखलखायला लागतात. तेवढ्यासाठी जाणारेही आहेत.

म्हणून माझं उत्तर माणसं बघून ठरतं. सगळे चार-पाच तास चढउतार करू शकणारे आणि आठ-दहा जणांचा गट असेल, तर वासोटा. गटात एक जरी न चालणारा असेल तर दाजीपूर, कारण वासोट्याला त्याला दिवसभर पायथ्याशी बसवून ठेवावं लागतं. दोघंच असाल, किंवा कोकणातून-गोव्याकडून येत असाल, तरी दाजीपूरच. फोंडा घाट चढलात की आलंच. वासोट्याला शक्यतो मधल्या वारी जा. शनिवारी बामणोलीच्या धक्क्यावर स्पीकर घेऊन उतरणारे गट भेटतात, आणि तेच दोन तासांनी वाटेत तुमच्या पुढे असतात. गाडीची टाकी साताऱ्यात किंवा राधानगरीत भरून घ्या, आणि फोनला रेंज नसणार हे घरी आधीच सांगून ठेवा.