बॉडी फॅट सांगणारा वजनकाटा: मोजतो पाय, बोलतो पोटाबद्दल

ब्लूटूथनं मोबाइलला जोडायचा काचेचा वजनकाटा आता बऱ्याच घरांत दिसतो. वजनाबरोबर बॉडी फॅट, व्हिसरल फॅट (पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी) आणि 'मेटाबॉलिक एज' (हा तर निव्वळ करमणुकीचा आकडा) असं बरंच काही तो ॲपमध्ये दाखवतो. पाळी गेलेल्या बाईनं त्यातल्या कशावर भरवसा ठेवावा? वजनावर खुशाल, बॉडी फॅटच्या टक्क्यावर थोडाफार, व्हिसरल फॅटवर जवळपास नाहीच.

दोष काट्याच्या रचनेतच आहे. धातूच्या पट्ट्यांतून निघणारा सौम्य वीजप्रवाह एका पायातून वर चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. पाणीदार स्नायूंतून तो सहज जातो, चरबीत अडतो. तो अडथळा मोजायचा, बाकी सगळं वय-उंचीच्या समीकरणावर सोडायचं. पोट या वाटेवर नीट येतच नाही. आणि रजोनिवृत्तीनंतर खरी उलथापालथ तिथेच होते. इस्ट्रोजेन घटलं की आधी मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटात, आतड्यांभोवती साठू लागते. तिथून सुटणारी फॅटी ॲसिड्स पोर्टल शिरेतून सरळ लिव्हरमध्ये उतरतात. म्हणजे वजन फारसं न हलताही लिव्हरवर चरबी चढू शकते.

काटा समीकरणावर किती विसंबतो याची खात्री करायची असेल तर ॲपमध्ये वय 48 चं 58 करा आणि पुन्हा काट्यावर उभ्या राहा. बहुतेक काट्यांवर आकडे बदलतात. शरीर दोन मिनिटांपूर्वीचंच!

काटा घरात आहेच, तर नीट वापरा. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, अनवाणी. खाली सपाट कडक फरशी हवी, सतरंजी नको. तळवे कोरडे, टाचा भेगाळलेल्या असल्या की अडथळा वाढतो आणि चरबी जास्त दिसते. पायांवर सूज असेल तर उलट, टक्का घसरतो आणि उगाच आनंद होतो. आठवड्यातून एकदाच मोजा आणि दोन-तीन महिन्यांत आकडा कुठे सरकतोय ते बघा. पेसमेकर असेल तर मात्र या काट्यावर उभंच राहू नका.

फॅटी लिव्हरच्या धोक्यासाठी यापेक्षा शिंप्याची टेप बरी. कापडी टेप वापरून ताणते, म्हणून आधी स्टीलच्या पट्टीशी ताडून घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, यांच्या बरोबर मधोमध, उघड्या त्वचेवर टेप धरायची. परकराची नाडी बसते ती जागा धरू नका. पोट सुटलेलं असेल तर नाडी खाली सरकते आणि घेर चुकतो. श्वास सहज सोडून आकडा वाचा, पोट आत ओढू नका. दोन मापांत एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसरं घ्या. भारतीय बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेघ आहे. शिवाय घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा: उंची 152 असेल तर 76.

टेप धोका सांगते, निदान करत नाही. एसजीपीटी (रक्तात मोजतात ते लिव्हरचं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून लिव्हर साफ, असंही नसतं आणि थोडी चरबी सोनोग्राफीतूनही निसटते. लिव्हरवर वण पडताहेत का, याचा अंदाज मात्र साध्या रक्ततपासणीतून घरीच काढता येतो. त्याला फिब-4 म्हणतात. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसोबत मोजलं जाणारं दुसरं एन्झाइम). त्याला प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ (वर्गमूळ फक्त एसजीपीटीचं), यानं भागायचं. प्लेटलेट्स 2 लाख असतील तर 200 धरा. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. वय 58, एसजीओटी 40, एसजीपीटी 36, प्लेटलेट्स 2 लाख, तर उत्तर 1.93. 1.3 च्या वर (पासष्टीनंतर 2 च्या वर) आलं तर डॉक्टरांना दाखवून फायब्रोस्कॅनचं (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) विचारा. त्याला जाताना किमान तीन तास पोट रिकामं ठेवा, नाहीतर लिव्हर आहे त्याहून कडक दिसतं.