कमी सोडियमचे मीठ: डाळीत चालले, भरतात नाही

गेल्या चार महिन्यांपासून आमच्या अमळनेरच्या घरात ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ वापरात आहे. माझ्या पतींचा रक्तदाब गोळी सुरू असूनही 150 च्या आसपास रेंगाळू लागला, तेव्हा गोळी वाढवण्याआधी मिठाकडे बघा, असे डॉक्टरांनी सुचवले. ज्या ताटात ठेचा, पापड आणि लोणचे नसेल त्याला आपल्याकडे जेवण म्हणत नाहीत, त्या ताटातून मीठ काढायचे कसे, हा प्रश्न तेव्हा माझ्यापुढे आला.

किराणा दुकानदाराने आधी सैंधव पुढे केले. रक्तदाबाला सैंधव चालते, हा समज आपल्या भागात घट्ट बसला आहे. परंतु सैंधव हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे रंग बदलतो, सोडियम बदलत नाही. हवे ते पाकीट शेवटी औषधांच्या दुकानात मिळाले, साध्या मिठाच्या जवळजवळ चौपट भावाने. मागच्या बाजूच्या तक्त्याप्रमाणे त्याच्या 100 ग्रॅममध्ये सोडियम सुमारे 27 ग्रॅम आहे, तर साध्या मिठात ते 39 ग्रॅमच्या जवळपास असते. कमी झालेली जागा पोटॅशियम क्लोराइडने भरली आहे. काही पाकिटांत ही घट केवळ 15 टक्के असते, म्हणून दर्शनी बाजूला छापलेल्या लाल हृदयापेक्षा मागचा तक्ता वाचलेला बरा.

चवीबद्दल दुकानदार काही सांगत नाहीत, म्हणून ते मी जरा सविस्तर सांगते. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले तर आधी खारट आणि मागाहून किंचित कडू, पितळी भांड्याला जीभ लागावी तशी चव येते. तुरीच्या डाळीत ही चव जाणवत नाही. शेवभाजीत तर अजिबातच नाही, कारण काळा मसाला, भाजलेले खोबरे आणि वर आलेला तेलाचा तवंग यांपुढे तिचे काही चालत नाही. भाकरीच्या पिठातही ते खपून गेले. भरताने मात्र ते उघडे पाडले. तुरकाठ्यांवर भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, ठेचून त्यात हिरवी मिरची, कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे घातले, शेवटी हे मीठ टाकले, आणि पहिल्याच घासाला सासूबाईंनी विचारले, “भरीत कडू कसं लागस व?” वांगे जून असेल, असे म्हणून मी वेळ मारून नेली.

उन्हाळ्यात दुसरी चूक झाली. बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, एक घाणा मी हौसेने याच मिठाचा केला. ज्वारीचे पीठ शिजवताना चव ठीक होती, पण वाळून पाणी उडाल्यावर तोच कडवटपणा दाट झाला आणि तो डबा अजून अर्धा भरलेला आहे. शिवाय उडदाच्या पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असते. तिथे केवळ मीठ बदलून फारसे हाती लागत नाही, पापडच मोजून खावा लागतो. खारटपणा थोडा कमी वाटतो म्हणून हात सैल सोडला, तरीही सगळा फायदा वाया जातो. पहिल्या आठवड्यात माझे तेच झाले. आता चमचा ठरलेला आहे.

हे मीठ कोणाकोणाला चालत नाही, हे मात्र चवीहून महत्त्वाचे आहे. 30 टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेले असे मीठ दिवसाला 5 ग्रॅम खाल्ले, तर सुमारे पावणेआठशे मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जाते, म्हणजे साधारण दोन मध्यम केळ्यांइतके. केळीच्या जिल्ह्यात दोन केळ्यांचे कौतुक ते काय, असे वाटेल. परंतु मूत्रपिंड अशक्त असेल तर हे पोटॅशियम रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकते. पती टेल्मिसार्टन घेतात, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्तातले क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि पोटॅशियम तपासून घेतले, महिन्याने पुन्हा तपासले, आणि मगच हे मीठ पुढे चालू ठेवायला सांगितले. सासूबाईंचे क्रिएटिनिन वाढलेले असल्याने त्यांना ते पूर्ण वर्ज्य आहे. एकाच पातेल्यात सर्वांचे शिजणाऱ्या घरात हे सांभाळणे सोपे नाही. डाळ शिजली की त्यांची वाटी मी अळणीच बाजूला काढते आणि तिच्यात साधे मीठ घालते, तेही बेतानेच. नव्या मिठाच्या बरणीला लाल दोरा बांधला आहे.

आता परिणामाविषयी. पतींचा वरचा आकडा सध्या 138 ते 142 च्या दरम्यान असतो. परंतु याच काळात त्यांचे लोणचे सुटले आणि सकाळचे चालणे सुरू झाले, तेव्हा सगळे श्रेय या पाकिटाला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चीनमधील 600 गावांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 25 टक्के पोटॅशियम क्लोराइडचे मीठ वापरणाऱ्यांचा वरचा आकडा सरासरी तीनहून थोडाच अधिक उतरला होता. मात्र पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी कमी आढळले. तिथेही गंभीर मूत्रपिंडविकार असलेल्यांना वगळले होते. शिवाय तिथल्यासारखेच आपल्याकडेही बरेचसे मीठ घरच्या चुलीवरच पडते, म्हणून हा अभ्यास मला आपल्या कामाचा वाटतो.

पाचपैकी साडेतीन गुण देते. एक गुण भावासाठी आणि अर्धा भरतासाठी कापला आहे. दुसरे पाकीट आणले आहे. बडगीत मात्र साधेच मीठ पडते, पूर्वीच्या निम्मे, आणि वरून लिंबू पिळते.