किनाऱ्यावरच्या घरगुती सर्किट बोर्डांसाठी ‘प्लास्टिक ७०’

फेरिक क्लोराइडमध्ये घरी एचिंग केलेल्या (म्हणजे नको असलेले तांबे विरघळवून काढलेल्या) बोर्डावर कारखान्यातल्यासारखा सोल्डर मास्क, म्हणजे तांबे झाकणारा संरक्षक थर, नसतो, त्यामुळे गोव्यातल्या मोरजीसारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात तांब्याच्या उघड्या ट्रॅकवर (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर) हिरवट थर धरायला एक पावसाळा पुरेसा होतो. विहिरीच्या पंपाच्या कंट्रोलरसाठी मी कोन्टाक्ट केमी या ब्रँडचा ‘प्लास्टिक ७०’ हा पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रे निवडला, तो मुख्यतः दुरुस्तीच्या सोयीसाठी. या लेपातून थेट सोल्डरिंग करता येते आणि गरज पडल्यास तो ॲसिटोनने काढता येतो. पॉलियुरेथेनचा लेप रसायनांपुढे याहून जास्त टिकतो, पण एखादा रेझिस्टर बदलायचा झाला की तोच अडचणीचा ठरतो. अर्थात, जो लेप ॲसिटोनने निघतो तो पेट्रोल किंवा थिनरच्या संपर्कातही टिकणार नाही, म्हणून जनरेटरजवळच्या बोर्डाला मी तो सुचवणार नाही.

गोव्यात खरी कसोटी फवारणीच्या वेळेची आहे. दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसते आणि लेप दुधाळ होतो. त्याहून वाईट म्हणजे फ्लक्सचे (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेल्या रसायनाचे) अवशेष लेपाखाली राहिले, तर कोणताही लेप बाष्प पूर्णपणे रोखत नसल्याने तेथे गळती विद्युतप्रवाह सुरू होऊन ट्रॅक आतूनच खराब होतात. म्हणून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून, पूर्ण वाळवून, शक्यतो नाताळ ते शिमगा या काळातच फवारणी करावी. पावसाळ्यात निकड असेल तर आधी हेअर ड्रायरने बोर्ड कोमट करून घ्यावा. कनेक्टर, प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे रेझिस्टर), उघडे रिले (विजेने चालणारे स्विच) आणि आर्द्रतेचा सेन्सर यांवर मास्किंग टेप लावणे अनिवार्य आहे.

जाड थरापेक्षा उभा आणि आडवा असे दोन पातळ थर चांगले बसतात. मात्र घटकांच्या पायांच्या टोकदार कडांवरून लेप मागे सरकतो आणि पारदर्शक असल्यामुळे राहिलेली जागा सहज दिसत नाही. तिरप्या उजेडात पाहून तेथे ब्रशने लावावे. (नेलपॉलिश लावणारेही भेटतात, एखाद्या सांध्यापुरते ते खपून जाते.) रिलेच्या २३० व्होल्टच्या बाजूला ट्रॅकमधील अंतर कमी ठेवण्याची सवलत या लेपाने मिळत नाही.

स्प्रे अतिज्वलनशील असल्याने तो व्हरांड्यात, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नपासून दूर वापरावा आणि काम झाल्यावर डबा उलटा धरून नुसता वायू येईपर्यंत फवारावा, म्हणजे नोझल तुंबत नाही.