कॅलिफोर्नियातलं छोटं हॉस्पिटल: परवान्याचं हेलिपॅड की नुसती उतरायची जागा?

कॅलिफोर्नियात हॉस्पिटलच्या आवारात हेलिकॉप्टर उतरवायचं तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे राज्याच्या परिवहन खात्याचा, कॅल्ट्रान्सचा, परवाना असलेलं हेलिपॅड. दुसरी, त्या परवान्यातून सूट असलेली आपत्कालीन वैद्यकीय उतरण्याची जागा.

भारतातून आलेल्यांना वाटतं, केंद्रातलं विमान खातं म्हणेल ती पूर्वदिशा. इथे एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय विमान खात्याला, बांधकामाच्या ९० दिवस आधी कळवायचं. ते हवाई मार्गापुरतं मत देतात. जमिनीचं काय करायचं ते गाव ठरवतं. कॅल्ट्रान्सकडे अर्ज नेण्याआधी नगर परिषदेची किंवा कौंटी मंडळाची मंजुरी लागते, विमानतळ-भूवापर आयोगाकडे जावं लागतं, पर्यावरणाचा आढावाही चुकत नाही. सुनावणीला शेजारी येणार आणि रात्रीच्या आवाजावरून बोलणार, हे धरूनच चाला.

शिवाय हेलिकॉप्टरच्या उतरण्या-चढण्याच्या मार्गाच्या उताराचं गणित. हेलिपॅडच्या कडेपासून पुढे ८ फूट गेलं की वर १ फूट, असा ४,००० फुटांपर्यंत मार्ग मोकळा लागतो. कडेपासून २०० फुटांवर ३० फुटी पाम उभा असेल तर तो ५ फूट आड आला. झाड आपलं असेल तर तोडता येईल, शेजाऱ्याचं असेल तर?

परवान्यातून सूट असलेल्या जागेला एवढा व्याप नाही. अग्निशमन दलासारख्या सार्वजनिक सुरक्षा यंत्रणेच्या अधिकाऱ्याने ती नेमून द्यायची, वापर फक्त वैद्यकीय आणीबाणीसाठी. कोणत्याही १२ महिन्यांत महिन्याला सरासरी ६ लँडिंग चालतात; मोठ्या दुर्घटनेत हे बंधन सैल होतं. गंमत अशी, की मोजायची ती रुग्ण घेऊन उतरलेली हेलिकॉप्टरं. रिकामं येऊन तुमचा रुग्ण मोठ्या हॉस्पिटलला नेणारं यात धरत नाहीत.

म्हणून तुमच्याकडून रुग्ण बाहेरच जात असतील तर माझं मत सूट असलेल्या जागेला. ट्रॉमा सेंटर (गंभीर जखमींवर उपचार करणारं केंद्र) काढायचं मनात असेल, म्हणजे रुग्ण तुमच्याकडे येणार असतील, तर वर्षाला ७२चा कोटा कधी संपला कळणार नाही. आत्ताच परवान्याला लागा.

मात्र सूट राज्याच्या परवान्यातून आहे, गावाच्या झोनिंगमधून (कुठल्या जमिनीवर काय चालेल याच्या नियमांतून) नव्हे. प्लॅनिंग ऑफिसात आधी विचारा. आणि पार्किंगच्या कोपऱ्यात हौसेने पांढरा क्रॉस नि लाल एच रंगवू नका. परवान्याच्या हेलिपॅडसारखी खूण दिसली की जागेला ही सूट लागू होत नाही.