बॉन्डचा टक्सिडो शिवायचाय? आधी कंबर बघा

टक्सिडो, म्हणजे जेम्स बॉन्ड पार्टीत घालतो तो संध्याकाळचा सूट, शिवायचा तर "बॉन्डसारखा शिवा" एवढंच सांगून मास्तरांकडे कापड टाकू नका. मोबाइलवर जो पहिला फोटो सापडेल तोच बॉन्ड ते शिवून देतील, आणि १९६२ पासूनच्या बॉन्डांमध्ये लॅपलपासून (कोटाच्या गळ्याशी उलटलेली पट्टी) कंबरेपर्यंत काही म्हणता काही सारखं नाही. मी दोनदा शिवून घेतला आणि एकदा भाड्याने आणला. त्या जोरावर चार शब्द.

पहिल्या वेळी डोक्यात २००६ चा 'कॅसिनो रॉयल' होता. त्यातली नायिका व्हेस्पर नुसत्या नजरेने माप घेऊन कोट आणते आणि बॉन्ड झालेला डॅनियल क्रेग आरशासमोर स्वतःकडेच बघत राहतो, तो प्रसंग. ब्रिओनी या इटालियन कंपनीचा काळा कोट, एक बटण, टोकदार पीक लॅपल. मावसभावाच्या लंडनच्या रिसेप्शनच्या पत्रिकेवर 'ब्लॅक टाय', म्हणजे टक्सिडो घालून या, असं छापलं होतं, त्यामुळे मला निमित्तच मिळालं. खांदे झकास बसले. ज्यांचे खांदे माझ्यासारखे उतरते आहेत त्यांना पीक लॅपल खरंच उचलून धरतो, हे मान्य करायला हवं.

पण पँट मी तेव्हाच्या चालीप्रमाणे खाली, कंबरेच्या हाडावर बसणारी शिवली होती. कोटाचं बटण बेंबीच्या वर, पँट बेंबीच्या चार बोटं खाली, आणि मधल्या जागेत समोशाएवढा पांढरा शर्ट! नमस्काराला हात जोडले की तो दिसायचा. नाचताना हात वर गेला की शर्ट पँटमधून सुटून फुगायचा. संध्याकाळभर मी दर दहा मिनिटांनी खांबाआड जाऊन शर्ट खोचत होतो. अल्बममध्ये माझे अकरा फोटो आहेत, त्यांतल्या नऊमध्ये तो त्रिकोण आहे. क्रेगच्या कोटाचा दोष म्हणत नाही, त्याला पोट नाही. पण त्या दिवसापासून मी कुठलाही टक्सिडो बघितला की आधी बटणाखाली बघतो.

या त्रिकोणावर बॉन्ड मंडळींनी वेगवेगळे उपाय केलेत. १९८९ च्या 'लायसन्स टू किल'मध्ये टिमोथी डाल्टनच्या पोटावर कमरबंद आहे. हा शब्दही आपल्याकडचाच, साहेब इथून घेऊन गेला. डाल्टन त्यातून दोर काढून इमारतीवरून खाली उतरतो. माझा मात्र जेवणानंतर बरगड्यांवर चढून बसला. पियर्स ब्रॉस्नन १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये आत वेस्टकोट घालतो. दिसतो रुबाबदार, शर्टाचा प्रश्नच मिटतो, एसी जोरात असेल तर जरूर विचार करा. मे महिन्यात लॉनवर कार्यक्रम असेल तर नको.

रॉजर मूरचा १९७७ चा डबल ब्रेस्टेड हा खरं तर सगळ्यात हुशार उपाय. एक पल्ला दुसऱ्यावर येतो, झाकायचं ते झाकलं जातं. फक्त तो बसतानासुद्धा बंद ठेवावा लागतो, नाहीतर दोन्ही बाजूंना कापड लोंबतं. उंच, सडपातळ माणसाला शोभेल. लॅपल मात्र त्याच्याएवढे रुंद नकोत.

आता हस्तिदंती कोट. शॉन कॉनरीने १९६४ मध्ये पाण्यातून येऊन पाणबुड्याच्या सुटाखालून काढला, छातीवर लाल फूल. मूरने १९८३ मध्ये उदयपूरच्या कॅसिनोत घातला, क्रेगने २०१५ मध्ये मोरोक्कोतल्या रेल्वेत. तिघांनाही सुंदर दिसतो. पण तिघांपैकी एकालाही हातात प्लेट घेऊन पनीरच्या रांगेत उभं राहावं लागलं नव्हतं. मी भाड्याने आणला होता. हळदीचा डाग घेऊन परत गेला, आणि अनामत रक्कम तिकडेच राहिली. शिवाय एका काकांनी मला रिकामा ग्लास दिला. (आणखी एक बॉन्ड, लेझनबी, त्याचा झालरीचा शर्ट १९६९ मध्येच राहू द्या.)

राहिला पहिला, १९६२ चा 'डॉ. नो'. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी कॉनरीला स्वतःच्याच शिंप्याकडे नेलं, लंडनच्या कंड्युइट स्ट्रीटवरच्या अँथनी सिंक्लेरकडे. बॉन्ड पहिल्यांदा पडद्यावर येतो त्या प्रसंगात चेहऱ्याआधी हात दिसतात, पत्ते वाटणारे, आणि बाहीच्या टोकाला उलटवलेला सॅटिनचा कफ. कॉलर शॉलची, म्हणजे टोक नाही, खाच नाही, गळ्यापासून बटणापर्यंत एकच वळण. आत वेस्टकोट नाही, कमरबंद नाही. तरी त्रिकोण नाही, कारण पँट उंच आहे. बेल्ट नाही, बाजूला आवळायच्या पट्ट्या आहेत. उपाय इतका साधा होता!

रंगही काळा नाही, मध्यरात्रीचा निळा. दुसऱ्यांदा असाच शिवायला टाकताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मला फरक कळेना, म्हणून ताग्याचं टोक धरून पायरीवर उन्हात आलो, तेव्हा निळा दिसला. रात्री पिवळ्या दिव्यात काळं कापड किंचित तपकिरी मारतं, हा मात्र काळ्याहून काळा दिसतो. निदान भाचीच्या न्यू जर्सीच्या लग्नातल्या फोटोंत मेहुण्यांचा काळा सूट माझ्या शेजारी जुना वाटतोय. त्यांना मी हे सांगितलेलं नाही.

मास्तर मात्र तयार नव्हते. "साहेब, पँट बेंबीवर? आजोबांसारखी?"

"हो, आजोबांसारखीच. आणि बेल्टची लूप लावू नका."

ट्रायलला त्यांनी बटण लावलं, दोन पावलं मागे सरकले आणि काहीच बोलले नाहीत. मग टाचण्या तोंडात धरून बाही अर्धा इंच कमी केली.

शॉल कॉलर सगळ्यांना जमेल असं नाही. चेहरा गोल असेल तर तो आणखी गोल दिसू शकतो. त्यांनी पीक लॅपल घ्यावा, माझी हरकत नाही. पण पँट उंचच शिवा. आणि ट्रायलला बटण लावून दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा, दुकानात बाकीचे हसले तरी.