जपानच्या हिवाळ्यात रॉकेलचा फॅन हीटर: इंग्रजी शिकवायला गेलेल्यांसाठी

जेट प्रोग्रॅममधून जपानच्या शाळांत इंग्रजी शिकवायला जाणारे बहुतेक जण ऑगस्टच्या उकाड्यात पोचतात. खोलीच्या खिडक्यांना एकेरी काच आहे, भिंती पातळ आहेत, याचं तेव्हा कुणाला काही वाटत नाही. नोव्हेंबर संपता संपता सकाळी घरातल्या घरात तोंडातून वाफ निघायला लागली की डोळे उघडतात. भिंतीवरचा एसी गरम हवा देतो, पण पारा शून्याखाली गेला की बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यासाठी एसी मधेच गरम हवा थांबवतो. कोतात्सूत (खाली हीटर असलेल्या, रजई टाकलेल्या बुटक्या टेबलात) पाय शेकतात, पाठ गारच राहते. नागानो, निइगाता, यामागाता या भागांत घरोघरी दिसतो तो रॉकेलचा फॅन हीटर. (होक्काइदोचं गणित वेगळं. तिथे धुराडं बाहेर काढलेला बसवलेला हीटर आणि अंगणात ४९० लिटरची टाकी असते.)

आधी भाडेकरार वाचा. बऱ्याच अपार्टमेंटांत रॉकेलला सक्त मनाई असते, आणि असेल तर विषय तिथेच संपला.

सहा ते नऊ तातामींच्या (जपानात खोली या चटयांच्या मापाने मोजतात) खोलीला ३.२ किलोवॅटचा हीटर पुरतो. खोक्यावर दोन आकडे असतात, एक लाकडी घरासाठी आणि एक काँक्रीटच्या इमारतीसाठी. लाकडी घर असेल तर लहान आकडाच धरायचा. बाजारात मुख्यतः दोन नावं, दोन्ही निइगाता प्रांतातली: कोरोना आणि दाइनिची. दाइनिची चाळीसेक सेकंदांत पेटतो, पण चालू असताना वीज जास्त खातो. कोरोनाच्या साध्या मॉडेलला पेटायला दीड-दोन मिनिटं लागतात, नंतर मात्र त्याची वीज नगण्य. सकाळी साडेसातला घर सोडणाऱ्या शिक्षकाने दाइनिची घ्यावा, शनिवार-रविवार घरात बसून धडे तयार करणाऱ्याने कोरोना. पेटताना दोन्ही काही शे वॅट ओढतात. जुन्या खोलीत त्याच वेळी राइस कुकर आणि मायक्रोवेव्ह लावलात तर ब्रेकर पडणारच. वीज गेली की हीटरही बंद, कारण आतला पंखा विजेवर चालतो.

खर्चाचा अंदाज असा. पूर्ण आचेवर ताशी ०.३ लिटरच्या थोडं वर रॉकेल जळतं, म्हणजे १८ लिटरचा डबा साधारण ५८ तास चालतो. खोली तापली की हीटर आच आपोआप कमी करतो. संध्याकाळी चार तास आणि सकाळी अर्धा तास लावला तर एक डबा दोन-तीन आठवडे सहज पुरतो. भरलेल्या डब्याचं वजन मात्र पंधरा किलोच्या आसपास भरतं. सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचा विचार सोडा. घरपोच देणारी गाडी येत असेल तर चार पैसे जास्त मोजावेत.

सगळ्यात मोठी चूक पंपावर होते. रॉकेल म्हणजे ‘तोयु’, डिझेल म्हणजे ‘केइयु’. ऐकायला जवळचे, लिहायलाही जवळचे. सेल्फ पंपावर रंग बघायचा: रॉकेलची नळी निळी, साधं पेट्रोल लाल, डिझेल हिरवी. घोळ असा की डबा पूर्व जपानात लाल आणि पश्चिमेकडच्या कान्साईत निळा विकला जातो, त्यामुळे ‘लाल डबा, लाल नळी’ असं गणित मनात बसू शकतं. त्या गणिताने हीटरमध्ये पेट्रोल गेलं तर घराला आग लागते. आपल्याकडच्या रेशनच्या निळ्या रॉकेलची सवय असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की जपानचं रॉकेल पाण्यासारखं पारदर्शक असतं. पिवळसर दिसलं किंवा आंबूस वास आला तर ते जुनं. आधीच्या शिक्षकाने बाल्कनीत ठेवलेला अर्धा डबा फुकट मिळाला म्हणून खुश होऊ नका. उन्हाळाभर उन्हात राहिलेल्या त्या रॉकेलने आतल्या व्हेपोरायझरवर (रॉकेलची वाफ करणाऱ्या भागावर) डांबरासारखा थर बसतो, आणि मग ना धड पेटतं, ना वास जातो. ते सिंकमध्ये ओतू नका, पंपावर विचारून तिथेच द्या.

भरताना हीटर बंद हवा आणि त्याची काढता येणारी टाकी बाहेर दारापाशी आणलेली हवी. हातपंप वापरत असाल तर डबा टाकीपेक्षा उंच ठेवा. चार-पाचदा दाबला की रॉकेल आपलं आपण वाहायला लागतं, आणि थांबवण्यासाठी वरचं टोपण सैल करावं लागतं. नवखा माणूस ते विसरतो आणि दारातली फरशी आठवडाभर घासलेटासारखी घमघमते. त्यापेक्षा बॅटरीवरचा, आपोआप थांबणारा पंप घ्या. टाकीचं झाकण लावल्यावर ती क्षणभर उलटी धरून थेंब पडतो का बघा, मगच आत सरकवा.

एक लिटर रॉकेल जळताना लिटरभरापेक्षा थोडं जास्तच पाणी वाफ होऊन खोलीत सुटतं. रात्रीत काचा ओघळतात, फुतोनखाली (जमिनीवर अंथरायच्या गादीखाली) बुरशी धरते. त्यासाठी, आणि त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइडसाठी, तासातून एक-दोनदा मिनिटभर खिडकी उघडायचीच. ‘कान्की’चा (म्हणजे ‘हवा खेळती करा’) दिवा लागला तर काम टाकून उठा. तीन तासांनी हीटर आपोआप विझतो, ‘एन्चो’ दाबलं की मुदत वाढते. पण हीटर लावून झोपायचं नाही. समोर ओले कपडे टांगायचे नाहीत. बंद करताना बटणच दाबायचं, प्लग उपटलात तर आतलं थंड करणारा पंखा थांबतो आणि घाण वास सुटतो.

आता एक बिघाड, जो दुकानदारही चटकन सांगत नाही. हीटर पेटतो आणि थोड्या वेळाने विझून एरर दाखवतो. बऱ्याचदा कारण असतं केसांचं सीरम किंवा स्प्रे. त्यातलं सिलिकॉन हवेतून आत ओढलं जातं, जळतं, आणि ज्योत ओळखणाऱ्या काडीवर पांढरा थर बसतो. ज्योत असूनही हीटरला ती कळत नाही. वॉरंटीत हे सहसा बसत नाही. सीरम बाथरूममध्ये लावा. साध्या खोबरेल तेलात सिलिकॉन नसतं, तेव्हा आईने दिलेली बाटली खुशाल वापरा.

मागची जाळी आठवड्यातून एकदा व्हॅक्यूमने साफ करा. सेकंडहँड घेत असाल तर लेबलवरचं उत्पादनाचं साल बघा, आठ-दहा वर्षांपेक्षा जुना फुकटही नको. मार्चअखेर टाकी रिकामी करा, हीटर आपणहून विझेपर्यंत चालवा आणि तळात उरलेलं ड्रॉपरने काढा. जुलैत खोली सोडताना पुढच्या शिक्षकाला द्यायचा असेल तर मॅन्युअलसकट द्या, रॉकेल मात्र ठेवू नका. टाकूनच द्यायचा असेल तर आधी नगरपालिकेचं सोदाइगोमीचं (मोठ्या आकाराच्या कचऱ्याचं) स्टिकर आणा. आत रॉकेल किंवा बॅटरी राहिली तर गाडीवाले तो दारातच सोडून जातात.