एकाच फोनच्या घरात 'दीक्षा' ॲप

इंदूरच्या रामबागेत मी गणिताच्या शिकवण्या घेते. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे शालेय अभ्यासाचे ॲप 2017 सालापासून उपलब्ध असले, तरी माझ्याकडच्या बहुतेक मुलांची त्याच्याशी गाठ पडली ती 2020 सालच्या टाळेबंदीत. त्यांपैकी ज्यांच्या घरी एकच स्मार्टफोन होता, त्यांचा वापर पाहून मी हे मत मांडत आहे.

ॲप विनामूल्य आहे. बोर्ड, माध्यम आणि इयत्ता निवडली की पुस्तके समोर येतात आणि पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ व सरावाचे प्रश्न उघडतात. मराठी माध्यमही निवडता येत असल्यामुळे इंदुरात हिंदीतून शिकणाऱ्या आपल्या मराठी मुलांना महाराष्ट्राची पुस्तके चाळता येतात, हा आपल्यासाठी वरकड लाभच.

पण त्याचा खरा गुण असा, की धडा एकदा डाउनलोड केला की पुढे नेट लागत नाही. सहावीतल्या एका मुलीचे वडील लोडिंग रिक्षा चालवत. फोन दिवसभर त्यांच्याजवळ असे आणि संध्याकाळी तो घरी येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असे. मग ती आमच्या ओसरीच्या पायरीवर मास्क लावून बसे, आमच्या वायफायवर अपूर्णांकांचे व्हिडिओ डाउनलोड करी, आणि फोनमध्ये जागा उरली नाही की वडिलांना आलेले 'शुभ प्रभात'चे फोटो बिनदिक्कत पुसून टाकी. थेट ऑनलाइन वर्गाला अशा घरातून बसणे तिला केवळ अशक्य होते. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार 2017-18 मध्ये देशातील सुमारे 24 टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती आणि ग्रामीण भागात तर जेमतेम 15 टक्के. युनिसेफ व आयटीयू (संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना) यांच्या डिसेंबर 2020 च्या अहवालानुसार जगातील 3 ते 17 वयोगटातील दोन तृतीयांश मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते. हे ठाऊक असूनही त्या काळात सारा भर थेट वर्गांवर देणाऱ्या शाळांचे मला नवल वाटते.

व्हिडिओंचा दर्जा मात्र सारखा नाही. काही उत्तम, तर काहींत फळ्यावरचेच नुसते वाचून दाखवलेले. शिवाय पर्याय निवडायच्या प्रश्नांत उत्तर बरोबर की चूक एवढेच समजते. छेद समान करताना मूल कोठे अडले, हे वही पाहिल्याशिवाय कळत नाही. तरीही एखाद्या खासगी शिकवणी ॲपची वर्षाची फी भरण्यापूर्वी पालकांनी महिनाभर हे वापरून पाहावे.